पुष्पाअक्काचा चौथा निरोप

थांबा थांबा थांबा, आधी मी सांगते, मग चहा. नाही उमर, तुझं क्रिकेट नंतर. मिसबाह, सरक जरा, हातवारे करायला जागा लागते मला. काल आमच्या कंपनीत जे झालं ना, म्हणजे कंपनीत नाही, वावरात झालं, आसोद्याच्या वावरात, आणि भरतावरून झालं. हसू नकोस, अजून काहीच सांगितलं नाही मी!

तर तुम्हाला माहितीये मी चटई कंपनीत आहे. मधुबन चटई. ऑफिसात, हितेंद्र सरांच्या हाताखाली. हितेंद्र सर म्हणजे एचआर. कडक इस्त्री, खिशाला दोन पेन, आणि एकही कधी चालत नाही. आमच्याकडे सगळे फिक्स टर्मवाले. अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. अकरा महिने झाले की ब्रेक. चार-आठ दिवस घरी बसायचं, मग नवं कॉन्ट्रॅक्ट, नवं कार्ड, पुन्हा पहिल्यापासून. का? तर सलग नोकरी दिसली की हक्क आले, आणि आता नव्या कायद्यात तर फिक्स टर्मवाल्यालाही सलग वर्ष भरलं की ग्रॅच्युइटी वगैरे हक्क लागतात. म्हणून वर्ष भरूच द्यायचं नाही. काठावर आणून सोडायचं.

आता गंमत अशी, की हा ब्रेक खरा वाटला पाहिजे. म्हणून हितेंद्र सरांनी काय काढलं, निरोप समारंभ! खराखुरा. खुर्ची, हार, शाल, नारळ, भाषण, फोटो. फोटो लगेच ग्रुपवर. "आमच्या सहकारी आज कंपनीचा निरोप घेत आहेत, पुढील वाटचालीस शुभेच्छा." आणि पुढची वाटचाल कुठे? गेटपर्यंत. गेटवर वॉचमन शाल काढून घेतो. एकच शाल आहे ना! निळी, जरीची. कपाटात ठेवतात. आतापर्यंत किती जणांच्या अंगावरून गेलीये, तिला आता सगळ्यांच्या घामाचा मिळून एक वेगळाच वास येतो. नारळ मात्र देतात. नारळावर शेठचा विश्वास आहे.

"म्हणजे खरोखर नारळ देतात?" अगं मिसबाह, तेच तर! आमच्याकडे नारळ देणं म्हणजे बोलायची पद्धत नाहीये, कार्यक्रम आहे.

आणि या कार्यक्रमाची राणी म्हणजे पुष्पाअक्का. आसोद्याची. पॅकिंगला असते. आवाज असा की मशीन चालू असताना ती बोलते आणि मशीन ऐकतं. तिचे तीन निरोप झाले होते. तिसऱ्या निरोपाला तर इतकं भारी भाषण केलं तिने, की शेठ रडले. शेठ! बन्सीलाल शेठ, ज्यांनी तो निरोप स्वतः लावलाय, ते रुमाल काढून रडले आणि म्हणाले, "अशी बाई पुन्हा मिळायची नाही." सोमवारी ती हजर. मिळाली की पुन्हा.

पण या चौथ्या वेळेला वेगळं झालं. हार घातला, शाल दिली, फोटो झाला. अक्का नेहमीसारखी म्हणाली, "चला, सोमवारी येते मंग." तर हितेंद्र सर पेन उघडबंद करत म्हणाले, "बघू. फोन करू आम्ही."

बघू! आमच्या ऑफिसात बघू म्हणजे काय, मला माहितीये ना. मी तिथेच बसते. नव्या पोरी घ्यायच्या होत्या, स्वस्तातल्या. अक्काचं नाव परत लावायचंच नव्हतं.

अक्काला कळलं. ती एकदम गप्प झाली, आणि अक्का गप्प झाली की छतावरचे पत्रे ऐकू येतात. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "रूपा, काय व माय हे? सासू तीच, चूल तीच, घर तेच, अन् मी दर साली नवी नवरी? अन् आता म्हंते, नवरीच नको?" माझा स्वतःचा ब्रेक फेब्रुवारीत आहे. मी फक्त तिचा नारळ धरून उभी राहिले.

आता इथे भरीत येतं. ऐका.

बन्सीलाल शेठचे साडू आहेत प्रेमराज शेठ. त्यांची धुळ्याकडे नरडाण्याला तेलाची मिल. दोघा बहिणी एकमेकींच्या गळ्यात गळा घालून, आणि साडू दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. फक्त वर्षातून एकदा, थंडीत, भरताच्या पार्टीला. आमची कंपनी विरुद्ध त्यांची मिल. जळगावचं भरीत भारी की धुळ्याकडचं, याचा निकाल. मधे परीक्षक, आणि फिरता करंडक. तो करंडक गेली कित्येक वर्षं नरडाण्यालाच फिरतोय. आमच्याकडे आलाच नाही. शेठच्या केबिनमध्ये त्याच्यासाठी फळी ठोकलेली आहे, रिकामी. रोज पुसतात.

मागच्या थंडीत प्रेमराज शेठनी काय केलं, एका लग्नातल्या आचाऱ्याला मिलचा टी-शर्ट घालून उभा केला. आमचे हितेंद्र सर असे चिडले, असे चिडले, की त्यांनी नियमच करून घेतला. भरीत भाजणारा माणूस त्या दिवशी त्या कंपनीचा कामगार पाहिजे. गळ्यात कार्ड पाहिजे. बाहेरचा माणूस दिसला की संघ बाद. दोन्ही साडूंनी देवाची शपथ घेतली. आणि परीक्षक कोण? कामगार कार्यालयातल्या निलोफर मॅडम. का? तर म्हणे दोघंही त्यांना सारखेच घाबरतात, म्हणजे निकाल निःपक्ष.

पार्टी होती पुढच्या महिन्यात. मॅडमना वेळ नव्हता, म्हणून ती आली अलीकडे. कालच्या रविवारी. आणि आमच्याकडे भरीत कोण करतं? यंदा पहिल्यांदाच शेठनी मनातल्या मनात ठरवलेलं, की आसोद्याची वांगी, आसोद्याचं वावर, आणि आसोद्याची पुष्पाबाई. तिच्या हातचं भरीत त्यांनी मागे कामगारांच्या डब्यातून चोरून खाल्लं होतं. चोरून म्हणजे, मालकच ते, पण चोरून.

सकाळी वावरात शेठ आले. पांढरा पायजमा, नवी चप्पल. पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा ढीग लागलेला, टोपलीभर वांगी, मिरच्या, लसूण, कांद्याची पात, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांचं पीठ मळून तयार. शेठनी डोळे भरून बघितलं आणि विचारलं, "पुष्पाबाई कुठंय?"

हितेंद्र सर म्हणाले, "सर, त्या ब्रेकवर आहेत."

"मग चहा पिऊन झाला की बोलवा."

"चहाचा नाही सर. आपला. अकरा महिन्यांचा."

शेठचं तोंड असं झालं ना, वांग्यासारखं. "कोणी दिला?"

"तुम्ही सही केली सर. नारळ पण तुमच्याच हस्ते दिला."

"मी रोज कोणाला ना कोणाला नारळ देतो, मला काय माहीत कोणाला देतो! घेऊन या तिला!"

मग मी आणि हितेंद्र सर, माझ्या स्कूटरवर. सर मागे. इस्त्री मोडू नये म्हणून असे ताठ, जसं काय मी ट्यूबलाइट घेऊन चाललेय. अक्काचं घर तिथून जवळच. अक्का ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. सरांना बघून उठलीसुद्धा नाही.

सर म्हणाले, "पुष्पाबाई, चला. भरीत करायचंय."

अक्का म्हणाली, "करते की. तुम्ही पाव्हणे आले. पण सांगा सर, मी हे भरीत माणूस म्हनून करू का कामगार म्हनून?"

"कामगार म्हणून."

"मंग मी कामगार हे?"

"नाही, आत्ता ब्रेक आहे."

"मंग माणूस म्हनून करते."

"माणूस म्हणून चालत नाही, नियम आहे!"

"कोनी केला नियम?"

सरांनी पेन उघडलं, बंद केलं. मी आकाशाकडे बघितलं. हसले असते तर माझा ब्रेक फेब्रुवारीपर्यंत थांबला नसता.

अक्का शेंगा बाजूला ठेवून म्हणाली, "माझं एकच हे. मी गेली नही. कधीच गेली नही. चारही वेळेला नही. हे तुम्ही सगळ्यांसमोर मायकात सांगा. मंग मी भरीतही करते अन् पुऱ्याही लाटते."

"जिंकल्यावर बघू."

"बघू म्हंता मंग मी बी बघते," म्हणून अक्का आत चालली. सर मागे पळाले, म्हणजे पळाले नाहीत, इस्त्रीत जितकं पळता येतं तितकं. "सांगतो, सांगतो! तुम्ही चला तर!"

ती आली. स्कूटरवर तिघं. मी पुढे, मधे सर, मागे अक्का. सरांची इस्त्री तिथेच संपली.

आता कार्ड? अक्काचं कार्ड निरोपाच्या दिवशी जमा झालेलं. सरांनी इकडेतिकडे बघितलं आणि माझं कार्ड माझ्या गळ्यातून काढून अक्काच्या गळ्यात घातलं. उलटं करून. "हलू नका," म्हणाले. भरीत करताना हलू नका! अरे, वांगी काय देवळात बसून भाजतात का?

तिकडे प्रेमराज शेठची पार्टी आली. मिलचे टी-शर्ट, स्वतःचा मोठा ढोल, आणि त्यांचे तीन भाजणारे. मॅडम खुर्चीवर, आणि निकाल पुकारायचा माइक माझ्याकडे. एका बाजूला आमची आग, एका बाजूला त्यांची. वांगी आत गेली. पऱ्हाटी तडतडायला लागली आणि तो वास आला ना... उमर, तुला सांगते, परीक्षाच घ्यायला नको, नाकाने निकाल लावता आला असता. अक्का आगीसमोर बसली. एकेक वांगं उलटवते, देठ दाबून बघते, पुन्हा उलटवते.

आणि वारा सुटला.

कार्ड फिरलं. प्रेमराज शेठ फेऱ्या मारतच होते. ते वाकले. कार्डावर माझा फोटो. दोन वेण्या, घाबरलेलं तोंड, नाव रूपा.

"हाई रूपा शे?" प्रेमराज शेठ चिडले की अहिराणीत जातात. "हाई रूपा? मंग ती कोन शे?" म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी लगेच ढोलाच्या मागे.

"हाई तं पुष्पाबाई शे! हाई गयी ना तुमनी कंपनीमातीन! बठ्ठास्नी फोटू देखा शे!" आणि त्यांनी मोबाइल काढला. हितेंद्र सरांनी तो निरोपाचा फोटो साडूंच्या घरच्या ग्रुपवरही टाकलेला ना! शाल, नारळ, अक्काचे भरलेले डोळे. प्रेमराज शेठ सगळ्यांना दाखवत सुटले. "बाहेरनी बाई! संघ बाद! तुमनाच नियम शे, हितेंद्रभाऊ!"

गोंधळ. त्यांचे तीन भाजणारेही मजा बघायला इकडे आले. आमचे लोक तिकडे गेले. कोणीतरी ढोल वाजवला, का ते माहीत नाही. निलोफर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मला कोणीतरी सांगेल का, या बाई कामावर आहेत की नाहीत?"

बन्सीलाल शेठनी हितेंद्र सरांचा दंड धरला आणि कुजबुजले. पण माइक चालू होता ना! माइक माझ्या हातात होता आणि ढोलामागून निघून मी नेमकी त्या दोघांच्या मधे आले होते, मग मी काय करू? सगळ्या वावराला ऐकू गेलं, "हितेंद्र, काहीही कर. करंडक गेला तर मार्चमध्ये तुझ्यापण हातात नारळ देईन!"

सर एकदम थांबले.

मी तुम्हाला सांगते, त्या माणसाला तोपर्यंत खरंच कळलं नव्हतं. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, की सरही फिक्स टर्मवरच आहेत. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट मार्चला संपतं. पण त्यांना वाटायचं फिक्स टर्म ही खालच्यांची गोष्ट, आपण तर साहेब. त्यांनी एकदा त्या मोबाइलमधल्या फोटोकडे बघितलं. अक्काच्या अंगावरची निळी शाल. मला वाटतं त्यांना तिचा वास आला.

मग त्यांनी माइक घेतला माझ्या हातातून.

"मॅडम," सर म्हणाले, "पुष्पाबाई कामावर आहेत. त्या कधी गेल्याच नाहीत. तो निरोप खोटा आहे. त्याआधीचे तीनपण खोटे. शाल एकच आहे, वॉचमन गेटवर काढून घेतो. फुलंपण प्लास्टिकची आहेत, हार आम्ही धुऊन वापरतो."

"हाराचं राहू दे रे!" शेठ ओरडले.

"नाही सर, पूर्ण सांगू द्या! यांचं काम तेच, मशीन तेच, जागा तीच. ब्रेक फक्त वर्ष भरू नये म्हणून. आणि यांचाच नाही, सगळ्यांचा."

तर कडेच्या तुरीच्या पिकातून आवाज आला, "माझापण!" बघतो तर आमचा नवल. लूम चालवतो तो. त्याचा पण ब्रेक चालू होता. आत यायला मनाई म्हणून बिचारा तुरीत बसून भरताच्या वासावर पुरी खात होता. "साहेब, मी पण गेलो नव्हतो! मी इथेच आहे!"

मॅडम त्याला म्हणाल्या, "तुम्ही आधी बाहेर या." मग शेठकडे वळल्या. आवाज अजिबात चढवला नाही बाईंनी, ते जास्त भीतीदायक होतं. "बन्सीलालजी, ठरावीक मुदतीवर माणूस ठेवायला कोणाची ना नाही. पण काम बारमाही, माणूस तोच, आणि हक्क बुडवायला मधे असे खोटे ब्रेक? याला अनुचित कामगार प्रथा म्हणतात. मी आज भरीत खायला आले होते. उद्या मी कामाला येईन."

शेठ गार. तेवढ्यात जळका वास. एकदम! सगळे वळले. प्रेमराज शेठच्या आगीत वांगी नव्हतीच उरली, कोळसे होते. तीनही भाजणारे इकडे भांडण बघत उभे, तिकडे सगळं काळं ठिक्कर. आणि आमच्या आगीपाशी? पुष्पाअक्का. हललीच नव्हती ती! एवढा सगळा गोंधळ तिच्याच नावाने चाललेला, आणि ही एकेक वांगं उलटवतेय. साल काढून लाकडी बडगीत टाकलं, मिरची, लसूण, पात, दाणे, आणि धपाधप कुटायला लागली.

शेठना एकदम काय आनंद झाला! सगळं विसरले. साडूच्या कोळशांसमोर उभे राहून नाचायलाच लागले, "जळणारच! मधेच ब्रेक घेतला ना माणसांनी! भाजणारा असा मधेच उठवला तर काय राहणार? आमची बाई बघ! एक मिनिट उठली नाही! सलग! सलग पाहिजे काम, सलग!"

सर माइक धरून शेजारीच उभे. माइक अजून चालूच होता.

शेठनी स्वतःचं वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकलं. स्पीकरमधून दोनदा घुमून परत आलं ते.

निलोफर मॅडमनी पुरीचा तुकडा मोडला, भरताला लावला, खाल्ला. डोळे मिटले. मग म्हणाल्या, "मालकांशी मी पूर्ण सहमत आहे. काम सलग आहे. करंडक जळगावला. आणि पुष्पाबाईंची नोकरी पहिल्या दिवसापासून सलग धरायची, हे मालकांनी आत्ता माइकवर सांगितलंय. मी ऐकलं, यांनी ऐकलं, यांच्या साडूंनीही ऐकलं."

"मी तं पक्कं ऐकं!" प्रेमराज शेठ म्हणाले. करंडक गेल्याचं दुःख त्यांचं तिथेच अर्धं झालं.

बन्सीलाल शेठ करंडक छातीशी धरून उभे. एकदा मॅडमकडे बघतात, एकदा करंडकाकडे. शेवटी म्हणाले, "पुष्पाबाई बाहेरच्या म्हटलं तर करंडक परत द्यावा लागेल का?"

"अर्थात. तुमचाच नियम."

"मग नाही गेली ती," शेठ म्हणाले. "कधीच नाही गेली. सोमवारी ये गं बाई."

अक्का हात पुसत म्हणाली, "येते नही शेठ. गेलीच नही तर येनार कुठून? असते मी सोमवारी." मग नवलला हाक मारली, "ये रे पोरा, भरतासंगं खाय आता ती पुरी."

तर आज सोमवार. आज सकाळी मॅडम खरंच आल्या ऑफिसात. शेठ आणि सरांबरोबर दार लावून दोन तास. बाहेर आले तेव्हा हितेंद्र सरांच्या खिशाला एकच पेन होतं, दुसरं कुठे गेलं कोणाला माहीत नाही. ब्रेक बंद. सगळ्यांचे. नवलचा, माझा फेब्रुवारीचा, सरांचा मार्चचा. नोटीस बोर्डावर सरांनी स्वतः टाचणी मारली, आणि टाचणी मारताना शिट्टी वाजवत होते, मी ऐकलं.

आणि सगळ्यात भारी ऐका. दुपारी जेवणाच्या सुट्टीत पुष्पाअक्का रुसून बसली. मी म्हटलं अक्का, आता काय झालं? जिंकलीस ना तू! तर म्हणते, "रूपा, आता माझा निरोप कधीच व्हायचा नही का?" मी म्हटलं, नाही! तर म्हणते, "मी पाचव्याचं भाषन आत्तापासून बसवून ठेवलं व्हतं. लई रडवनारं व्हतं."

मग काय करणार? आम्ही कपाटातून शाल काढली. खुर्ची लावली. धुतलेला हार घातला. अक्काने भाषण केलं, पूर्ण, हातवाऱ्यांसकट. सगळी पॅकिंग लाइन रडली. हितेंद्र सर दारात उभे राहून रडले. शेठ वरून खाली आले, विचारलं कोण चाललंय, आम्ही म्हटलं कोणीच नाही, तर तेपण रडले.

आणि नारळ? नारळ तिथेच फोडला. घ्या, हा तुकडा तुमच्यासाठी आणलाय मी. मिसबाह, मोठा तुझा. आता सांगा चहा.